अर्धं ओढलेलं हँडल

"हात लावू नका, खैरनार. हँडल वर आलंय."

शिडीच्या वरच्या पायरीवर मी होतो तसाच थांबलो. एक तर हँडल वर आलंय हे ऐकून, आणि दुसरं म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट देवस्थळी माझ्याशी मराठीत बोलले म्हणून. त्या वाळवंटातल्या हवाई तळावर, आमच्या स्क्वाड्रनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पण ते ऑफिसर, मी सार्जंट. 'गुड मॉर्निंग' आणि 'ठीक है' यापलीकडे त्यांच्या तोंडून आजवर मला काही मिळालं नव्हतं. मीही मालेगावकडचा गडी, आपण होऊन कुणाच्या गळ्यात पडणारा नव्हे.

मिग-एकवीसमधली पायलटची सीट म्हणजे नुसती खुर्ची नसे. तिच्या पोटात दारू भरलेली असे. संकटात पायलटनं दोन मांड्यांमधलं लाल हँडल ओढलं, की डोक्यावरचं काचेचं झाकण उडायचं आणि सीट माणसासकट आभाळात फेकली जायची. पुढं पॅराशूट उघडलं की जीव वाचला. हे जमिनीवर चुकून घडू नये म्हणून विमान थांबल्याबरोबर कुणीतरी वर चढायचं, हँडलच्या मुळाशी पिन खुपसायची आणि पिनेची लाल फीत पायलटच्या डोळ्यांसमोर धरायची. त्यानं मान हलवली की मगच पट्टे सुटायचे. ते कुणीतरी म्हणजे मी. सीटचा माणूस.

उभ्या विमानातून सीट सुटली तर पॅराशूट उघडायला सवडच मिळायची नाही. आणि मी तर कॉकपिटवर ओणवा होतो. माझं काय झालं असतं ते सांगायची गरज नाही.

मी मान खाली घालून पाहिलं. हँडल खरंच अर्धं वर आलं होतं, आणि तिथंच तिरकं अडकलं होतं. पिनेचं भोक दिसेनासं झालं होतं.

"सर, हलू नका. श्वाससुद्धा बेतानं घ्या."

"तेच करतोय मघापासून," देवस्थळी म्हणाले.

मी खाली हात हलवून सगळ्यांना लांब पिटाळलं. आमचे सीओ, म्हणजे स्क्वाड्रनचे प्रमुख, विंग कमांडर ग्रेवाल जीपमधून उतरून जवळ येत होते. मी ओरडलो, "सर, दूर रहिये! हँडल फँसा है!"

"कैसे?"

"पता नहीं, सर. देखता हूँ."

ते लांब गेले, पण जाता जाता ओरडले, "देव, तू शेर है! हमने सब देखा!"

देवस्थळींनी डोळे मिटून घेतले.

आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. थोड्याच वेळापूर्वी त्यांचं इंजिन हवेत बंद पडलं होतं. रेडिओवर ग्रेवालसाहेब घसा फोडून सांगत होते, "इजेक्ट, देव, इजेक्ट!" उत्तर नव्हतं. तळाच्या पलीकडे एक ढाणी होती. ढाणी म्हणजे तिकडची चार झोपड्यांची वस्ती. विमान तिच्या रोखानं मुकाट घसरत येत होतं आणि आम्ही हँगरबाहेर श्वास धरून उभे होतो. मग ढाणीच्या जरा अलीकडे इंजिन पुन्हा पेटलं, विमानानं नाक उचललं आणि ते वस्तीवरून आवाज करत येऊन धावपट्टीवर टेकलं. आमच्यातल्या दोघातिघांनी तर एकमेकांना मिठ्या मारल्या. वस्तीवर विमान पडू नये म्हणून पठ्ठ्या उडी न मारता बसून राहिला, असं प्रत्येकजण म्हणत होता. मीही म्हणत होतो.

परवा टीव्हीवर मिग-एकवीसचा निरोपसमारंभ दाखवला, तेव्हा हे सगळं पुन्हा वर आलं. सहा दशकं हे विमान देशानं वापरलं. त्यानं युद्धं पाहिली, पायलटांच्या पिढ्या घडवल्या आणि कितीतरी पोरं गिळली. वर्तमानपत्रवाले त्याला उडती शवपेटी म्हणायचे, तेव्हा आमचं डोकं फिरायचं. ज्यांनी त्याच्या अंगाखांद्यावर हात फिरवले त्यांना असं नाव ठेवलेलं आवडत नाही. पण एक खरं, त्याचं कॉकपिट फार अरुंद. दणकट माणूस आत बसला की दोन्ही खांदे घासायचे. देवस्थळींची अडचण उलटी होती. त्यांची उंची बेताची. सीट कितीही वर केली तरी पुढचं नीट दिसायचं नाही.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय आता माझ्या डोळ्यांसमोर होता. हँडलच्या मुळाशी, सीटच्या कडेत, निळ्या-पिवळ्या कापडाचा एक दुमडलेला जाड कोपरा पाचरीसारखा बसला होता.

"सर, ही गादी?"

"माझ्या बायकोनं, सुमेधानं शिवलीय. जुन्या साड्यांची. गोधडी घालतात तशी."

"मागं मी नको म्हणालो होतो. बंद केली होती ना?"

"तुमच्यासमोर बंद केली होती. पट्टे आवळायला तुम्ही दुसऱ्या विमानाकडे असलात की मी ती खाली सरकवायचो. रागवा नंतर."

रागवायला वेळ होताच कुठं? मे महिन्याचं ऊन. विमानाचा पत्रा इतका तापला होता की कोपर टेकवलं की चटका बसायचा. मी डावा हात त्यांच्या मांड्यांमधून खाली घातला आणि हँडल मुठीत धरून खाली दाबलं. ते खाली जाईना, पण निदान वर तरी येणार नव्हतं. गादी देवस्थळींच्या वजनाखाली दाबलेली होती. ते उठले असते तर गादी सैल पडली असती, आणि सैल पडल्यावर हँडल कुठल्या बाजूला उसळेल ते ब्रह्मदेवही सांगू शकला नसता. म्हणजे त्यांना उठता येईना आणि मला हात काढता येईना. एका माणसाच्या जागेत आम्ही दोघं कोंडले गेलो.

माझ्याकडे पॅराशूटच्या दोऱ्या कापायचा वाकडा चाकू होता. तो उजव्या हातात घेऊन मी गादीचा एकेक टाका कापायला लागलो. बाई शिवणात हुशार होत्या. टाके इतके बारीक आणि घट्ट, की मनातल्या मनात मी कौतुकही करत होतो आणि शिव्याही घालत होतो.

"एक विचारू, सर? हे हँडल उतरताना कशात अडकून वर आलं का?"

त्यांच्या हनुवटीवरून घाम माझ्या मनगटावर टपकत होता.

"अडकून नाही," शेवटी ते म्हणाले. "मी ओढलं."

चाकू थांबला.

"दोन्ही हातांनी ओढलं, खैरनार. जीव खाऊन ओढलं. निघालं नाही. मग दुसरं काही हातात नव्हतं म्हणून इंजिन लावून पाहिलं, ते लागलं. हा तुमचा शेर."

बाहेरून ग्रेवालसाहेबांचा आवाज आला, "क्या पोज़िशन है?"

"टाइम लगेगा, सर!" मी ओरडलो.

"तुम्ही बाहेर काही बोलू नका," देवस्थळी हळू आवाजात म्हणाले. "मी ओढलं हे नको आणि ही गादीही नको. सुमेधाच्या कानावर गेलं तर ती आयुष्यभर स्वतःला खाईल. तुम्ही तिला ओळखत नाही, मी ओळखतो."

"आधी बाहेर पडा, सर. मग बघू कुणाला काय सांगायचं ते."

"तुम्ही हात काढा. जा खाली. माझं मी बघतो. ऑर्डर समजा."

"हात काढला तर बघायला तुम्ही उरणार नाही," मी म्हणालो. "आणि या अवस्थेत तुमची ऑर्डर मी ऐकत नाही. हवं तर नंतर कोर्टात उभं करा."

ते पहिल्यांदाच थोडं हसले. हसताना पोट हललं आणि हँडल माझ्या मुठीत करकरलं. आम्ही दोघंही दगड झालो.

मी पुन्हा कापायला लागलो. निम्म्याहून अधिक कोपरा सुटला होता. एवढ्यात पलीकडून इंजिन सुरू होण्याचा तो ओळखीचा चढता आवाज आला. आमच्या तळावर एक विमान कायम तयार उभं असे आणि त्यात पायलट पट्टे आवळून बसून राही. इशारा आला की लगेच उडायचं.

"कोण चाललंय?" देवस्थळींनी विचारलं.

मान न वळवताच मला ठाऊक होतं. सकाळी पाळ्यांच्या फळ्यावर नाव पाहिलं होतं. "चेरियनसाहेब. आज त्यांची पाळी."

देवस्थळींचा चेहरा पांढराफटक पडला. चेरियन म्हणजे त्यांच्याच उंचीचा, केरळचा पोरसवदा फ्लाइंग ऑफिसर. सदा यांच्या मागं मागं फिरायचा.

"त्याच्याखालीही आहे," ते म्हणाले.

"काय?"

"गादी. माझी पाहून त्यानं मागितली. सुमेधानं गेल्याच महिन्यात शिवून दिली."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. आता बाहेर पडल्यावर बघू, असं म्हणायला जागा उरली नव्हती. विमान हलायला लागलं होतं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्यांनी मान हलवली. म्हणाले, "घट्ट धरा. मीच सांगतो."

आणि छाती भरून त्यांनी हाक मारली. "सर! चेरियन को रोकिये! मैंने हँडल खींचा था! निकला नहीं! सीट के नीचे गद्दी है, उसमें फँसा! चेरियन के नीचे भी है!"

त्या ओरडण्यानं त्यांचं सगळं अंग ताणलं गेलं. गादी सरकली. हँडल माझ्या मुठीत वर उसळलं. मी शिडी सोडली, पाय अधांतरी सोडून सगळ्या अंगाचं वजन त्या एका मुठीवर टाकलं. माझं डोकं त्यांच्या छातीवर आपटलं. त्यांचं काळीज धाडधाड उडत होतं, ते मला कानात ऐकू येत होतं. मला वाटलं, संपलं. माझ्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तिला या उन्हाळ्यात गावी न्यायचं राहिलं एवढंच मनात आलं.

हँडल थांबलं.

बाहेर जीपचं चाक वाळूत फिरल्याचा आवाज आला. ग्रेवालसाहेब स्वतः जीप घेऊन धावपट्टीच्या तोंडाशी आडवे गेले. थोड्या वेळानं पलीकडच्या इंजिनाचा आवाज उतरत गेला आणि ते बंद पडलं.

चाकू हातातून गळाला होता. उरलेला कोपरा मी बाहेर ओढून दातांत धरून फाडला. हँडल खाली बसलं, भोक दिसलं, पिन आत गेली. फीत त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, ती घाईत त्यांच्या नाकाला लागली. त्यांनी रीतीप्रमाणे मान हलवली.

पण उठले नाहीत.

"चला, सर. पट्टे सोडतो."

"थांबा जरा." ते समोरच्या काचेकडे बघत होते. "खैरनार, मी ओढलं तेव्हा ढाणी नाकासमोर होती. मोकळ्या वाळूवर नाही ओढलं. झोपड्या दिसत होत्या. अंगणात लाल ओढणीतली एक बाई वर बघत उभी होती. मला ती दिसली, आणि मी ओढलं."

असल्या घटकेला माणसाचा हात आपोआप जातो, असं मी म्हणालो. ते खरंही होतं. पण त्यांनी ते ऐकलं असं मला वाटलं नाही.

चौकशी झाली. त्यांनी ओढल्याचं सांगितलं, गादीचं सांगितलं. कुठं ओढलं हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी ते सांगितलं नाही. स्क्वाड्रननं त्यांना काही कमी लेखलं नाही. उलट, चेरियनला वाचवलं म्हणून मेसमध्ये खांद्यावर घेतलं. सगळ्या गाद्या काढून जाळल्या.

देवस्थळींना भीती होती तेच घडलं. गादीची गोष्ट ऑफिसरांच्या क्वार्टर्समध्ये पोचायला कितीसा वेळ लागणार? एक दिवस सुमेधाबाई आमच्या सेक्शनच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एरवी हसतमुख बाई, पण डोळे पार खोल गेलेले.

"खैरनारभाऊ, ती तुम्ही कापलीत ना? किती घट्ट होती?"

"घट्ट होती, वहिनी."

"मी दुहेरी दोरा घातला होता. उसवू नये म्हणून." त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या. "माझ्या हातानं त्यांना बांधून ठेवलं होतं मी. आणि त्या पोराला पण. रात्री मला तेच दिसतं. खाली बघतात, ओढतात, निघत नाही."

ढाणीबद्दलचं एक वाक्य सांगितलं असतं तर ती बाई सुटली असती. पण ते वाक्य तिच्या नवऱ्याचं होतं, आणि त्यानं ते माझ्याकडे विश्वासानं टाकलं होतं. कॉकपिटमधून बाहेर पडलो तरी मी काही सुटलो नव्हतो. 'वहिनी, देवाची कृपा म्हणायची,' असं काहीतरी गुळमुळीत बोललो. त्या मान हलवून गेल्या. त्यांचं खाणंपिणं सुटलंय, असं नंतर कानावर येत राहिलं. चेरियन त्यांच्या घरी जाऊन पाया पडून आला, तर त्यांनी त्याला आत घेतलंच नाही.

मग एके दिवशी ढाणीतली माणसं तळाच्या फाटकाशी आली. बरोबर उंटगाडी, गुळाची ढेप, रंगीत साफा. त्यांना तो पायलट भेटायला हवा होता, ज्यानं त्यांच्यासाठी आपला जीव पणाला लावला. बायकांना त्याची 'बाईसा', म्हणजे बायकोही, बघायची होती. देवस्थळी नाही म्हणत होते. ग्रेवालसाहेबांनी त्यांच्या दंडाला धरलं. "लोग इतनी दूर से आये हैं. जाओ, हाथ जोड़ के आ जाओ." देवस्थळींनी मला खूण केली. "तुम्ही चला बरोबर."

फाटकाबाहेर एका म्हाताऱ्यानं देवस्थळींच्या डोक्यावर साफा बांधला. बांधताना त्याला वाकायला लागलं आणि सगळे हसले. देवस्थळी म्हणाले, "बाबा, मैं आपके लिए नहीं रुका था. मैं तो कूद रहा था."

म्हातारा आणखीच हसला. "बड़े आदमी ऐसे ही बोलते हैं, साब."

सुमेधाबाई एका बाजूला पदर आवळून उभ्या होत्या. यायचं म्हणून आल्या होत्या. बायका त्यांना हात लावून बघत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

गर्दीतून एक बाई पुढं आली. लाल ओढणी, हातांवर तान्हं मूल. देवस्थळी तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या तोंडावरून मला कळलं की हीच ती. तिनं मूल त्यांच्यासमोर धरलं. "साब, इसके सिर पे हाथ रखो. ये अंदर सो रहा था उस दिन."

देवस्थळींनी हात पुढं केला आणि मागं घेतला. परत पुढं केला, मूल घेतलं, आणि वळून सरळ सुमेधाबाईंकडे गेले.

"घे," ते म्हणाले. "हे तुझं आहे."

"काय बोलताय?"

"सुमेधा, मी ओढलं तेव्हा विमान ह्यांच्या घरावर चाललं होतं. मला दिसत होतं. ही बाई दिसत होती. तरी मी ओढलं." ते मराठीत बोलत होते, म्हणून भोवतालच्यांना काही कळत नव्हतं. ते कौतुकानं बघत होते. "हँडल निघालं असतं तर मी वाचलो असतो आणि हे सगळे जळाले असते. ते निघालं नाही, तुझ्या गादीमुळे. ह्यांना तू वाचवलंस. मी नाही."

सुमेधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे असं बघितलेलं मी कुणा बाईला पाहिलं नाही. ओळख पटवून घ्यावी तसं त्या बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. मी मान हलवली.

त्यांनी मूल घेतलं.

"बाईसा, गर्दन सँभालना," लाल ओढणीवाली म्हणाली. "कच्ची है."

सुमेधाबाई त्या मुलाला छातीशी धरून तिथंच वाळूत खाली बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. कितीतरी दिवसांचं रडणं होतं ते. ढाणीतल्या बायका काही न विचारता त्यांच्याभोवती बसल्या. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी तांब्यातून पाणी दिलं. देवस्थळी डोक्यावर तो साफा घेऊन एकटेच बाजूला उभे होते. त्यांच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. बायकोची तर पाठच होती त्यांच्याकडे. माणसानं आपल्या हातानं आपलं नाव पुसून टाकलं होतं, आणि पुसून टाकलंय हे त्या दोघांखेरीज फक्त मला ठाऊक होतं. मला त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटत होतं, पण ती जागा माझी नव्हती.

बऱ्याच वेळानं सुमेधाबाईंनी मूल आईच्या हवाली केलं, पदरानं डोळे पुसले आणि उठल्या. देवस्थळींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आता काय म्हणतील याची मलाच धास्ती वाटायला लागली.

"चला," त्या म्हणाल्या.

ते हलले नाहीत. जमिनीकडे बघत उभे राहिले.

तेव्हा सुमेधाबाईंनी सगळ्या गावादेखत, फाटकावरच्या शिपायांदेखत, त्यांचा हात धरला आणि चालायला लागल्या. देवस्थळी त्यांच्या मागोमाग गेले.